बिनमाशांचे वार

अनसूया केळुसकरांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांचे यजमान शशिकांतराव सोसायटीत सांगत फिरत. हे साफ खोटं होतं. बाईंचा राग नेहमी सकारण असे. आता कारणंच पावलोपावली सापडत असली तर त्याला त्या तरी काय करणार! पण त्या मंगळवारी सकाळी जो राग आला, त्याच्यापुढे वर्षभराचे बाकीचे सगळे राग किरकोळ होते, आणि तो आणणारा माणूस समोर फिरत्या खुर्चीत बसून शांतपणे ग्रीन टी पीत होता.

“नऊच फॉर्म आहेत, ताई,” डॉक्टर निकेत संघवी म्हणाले. “फ्रायडेपर्यंत सही करून द्या. सिंपल काम है.”

काम काय होतं ते आधी सांगायला हवं.

अनसूयाबाईंनी मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात रेकॉर्ड विभागात बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आल्या आणि चार महिन्यांत घरी बसून स्वतःला इतक्या कंटाळल्या, की हायवेच्या अलीकडच्या एका चारमजली हॉस्पिटलात पुन्हा कामाला लागल्या. तिथे हृदयाचे डॉक्टर म्हणजे हे संघवी. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की आत जाळीची बारीक नळी बसवतात, तिला स्टेंट म्हणतात, हे आता पानवालासुद्धा सांगतो. वाहिनी पुन्हा भरून येऊ नये म्हणून त्या जाळीला औषध लावलेलं असतं. असे औषध लावलेले दोन कंपन्यांचे स्टेंट हॉस्पिटलात वापरले जात. एकाचा खोका निळा, दुसऱ्याचा पांढरा. कंपन्यांची नावं जिभेला पेलत नसत, म्हणून सगळे निळा आणि पांढरा एवढंच म्हणत. कुठला बसवलेले रुग्ण वर्षभर जास्त धड राहतात हे बघायचं डॉक्टरांनी ठरवलं. निळ्याचे एकशे नव्वद रुग्ण, पांढऱ्याचे दोनशे सहा. कुणाला कुठला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. सरकारी योजनेतून आलेल्याला बहुतेक निळा बसे, विमा असलेल्याला बहुतेक पांढरा.

या सगळ्यांना वर्षभरात पाच वेळा फोन करायचा. छातीत दुखलं का, पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं का, माणूस आहे की गेला, आणि गोळ्या चालू आहेत का, हे विचारून लिहायचं. हे काम अनसूयाबाईंचं. त्यातला गोळ्यांचा प्रश्न सगळ्यात मोठा. स्टेंट बसवल्यावर वर्षभर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या घ्याव्याच लागतात, त्यातली एक तर सकाळ-संध्याकाळ. त्या सोडल्या तर जाळीत रक्ताची गुठळी धरते, मग जाळी निळी असो नाहीतर सोन्याची.

आणि हे काम बाई नुसतं करत नव्हत्या, डोळ्यात तेल घालून करत होत्या. ‘गोळ्या नियमित घेता का?’ असं विचारलं की सगळं जग ‘हो’ म्हणतं, हे त्यांना बत्तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रश्नच बदलला. ‘आज सकाळची गोळी घेतली का? किती वाजता? पाण्याबरोबर की चहाबरोबर?’ थाप मारणारा माणूस चहापाशी अडखळतो. दुसरी हुशारी वारांची. राई, मुर्धे, खारी, तिकडे उत्तनपर्यंतच्या मच्छीवाल्या घरांत फोनच उचलला जात नसे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार त्या बायका बाजारात, हात माशांत. मग बाईंनी या घरांचे फोन सोमवार, गुरुवार आणि शनिवारवर नेले. त्या दिवशी अर्धा मीरा-भाईंदर मासे खात नाही, बायका घरी असतात, फोन पहिल्या घंटेला उचलतात. शंभरातल्या शहाण्णव घरांत बोलणं व्हायला लागलं. डॉक्टरांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. बाईंनी वरवर ‘त्यात काय एवढं’ म्हटलं होतं आणि घरी जाऊन शशिकांतरावांना ते तीनदा सांगितलं होतं.

आता वर्ष सरत आलं होतं. निळ्यातल्या नऊजणांच्या जाळ्या पुन्हा बंद पडल्या होत्या, पांढऱ्यातल्या तिघांच्या. गोव्याच्या परिषदेत डॉक्टरांना दाखवायचं होतं की निळा पांढऱ्याहून जराही कमी नाही. अभ्यासाचा खर्च निळ्या खोक्याची कंपनी करत होती, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

फॉर्मवर छापलं होतं: ‘रुग्णाने स्वतःहून औषधे बंद केली.’ खाली कारणाची ओळ, आणि फॉलोअप घेणाऱ्याची सही. असा फॉर्म लागला की तो रुग्ण हिशेबातून बाहेर.

“नऊच का?” बाईंनी विचारलं. “पांढऱ्याचे तीन कुठायत?”

“ते इन्शुरन्सवाले आहेत, ताई. टॉवरमधले. एज्युकेटेड लोक गोळी चुकवत नाहीत.”

“आणि हे नऊ चुकवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ये लोग ऐसेही करते हैं. बरं वाटलं की बंद. तुम्हाला माहितीये.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला माहितीये ते मी लिहून दिलंय. या नऊजणांना मी दर खेपेला विचारलंय. वेळ विचारलीय, चहा की पाणी विचारलंय. सगळे ‘हो’ आहेत. ही बघा, लक्ष्मी दगडू भोईर, खारी गाव. चार फोन, चारही वेळा सकाळी आठ वाजता, पाण्याबरोबर. तीन आठवड्यांपूर्वी हिला दुसरा झटका आला, जाळी बंद पडलेली निघाली. आणि मी आता लिहू की तिनं स्वतःहून मरण ओढवून घेतलं?”

“ओढवून घेतलं असं कोण म्हणतंय? शी इज अलाइव्ह.”

“उपकारच केले तिनं तुमच्यावर!”

कोपऱ्यात लॅपटॉपवर आकडेमोड करणारा पराग खाली मान घालून बसला होता. हा भाईंदरचाच मुलगा, संख्याशास्त्र शिकलेला, बाईंना काकू म्हणायचा. त्याला हे चुकीचं आहे हे कळत होतं, आणि नोकरी हवी आहे हेही कळत होतं. बाईंना त्याचाही राग आला.

“मी जाऊन विचारते,” बाई उठल्या. “घरी जाऊन. रिकामी पाकिटं बघते. गोळ्या घेतल्या असतील, तर या नऊ कागदांचं काय करायचं ते मी तुम्हाला सांगेन.”

“बाय ऑल मीन्स,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. “फक्त फ्रायडे.”

घरी आल्यावर शशिकांतरावांनी दार उघडलं आणि बाईंचा चेहरा बघून चहा स्वतःच टाकला. एवढं शहाणपण त्यांना छत्तीस वर्षांत आलं होतं. पण जेवताना ताटात अंड्याची पोळी बघून त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

“आपल्या गेटवरची मच्छीवाली मावशी बरेच दिवस आली नाही, नाही? तुझ्या तोंडाला घाबरून यायची बंद झाली असणार.”

“मी काय चुकीचं बोलले होते? हाताला रक्त, आणि त्याच हातानं माझा हलवा मासा कापत होती. सांगायला नको? आणि ते झालं गेल्या वर्षी. त्यानंतर येतच होती की, स्वच्छ हातांनी. माझ्या बोलण्यानं सुधारली.”

“हो, तेही खरंच,” शशिकांतराव म्हणाले आणि अंड्याच्या पोळीकडे वळले.

गुरुवारी बाईंनी रिक्षा केली. खारी गाव आता नावालाच गाव राहिलंय. चारी बाजूंनी इमारती अशा खेटून उभ्या आहेत की रिक्षावाल्याला ते सापडेना. “यहाँ गाव किधर है, आंटी?” तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा शिव्या खाऊन गप्प बसला. शेवटी एका इमारतीच्या पार्किंगच्या भिंतीमागे बोळ निघाला, बोळात कौलारू घरं, एका अंगणात जाळं वाळत टाकलेलं. बाईंच्या पिशवीत भोईरबाईंची फाइल होती आणि डोक्यात डॉक्टरांना शुक्रवारी सुनवायची वाक्यं. वाक्यं झकास जमली होती. खरं सांगायचं तर बाई आनंदात होत्या. राग खरा असला आणि बाजू आपली असली की माणसाला असा आनंद होतो.

दारात एक म्हातारा बसला होता. पाय सुजलेले, कानात जुनी बाळी. हा दगडू भोईर. हॉस्पिटलातून आले म्हटल्यावर त्यानं आत ओरडून सांगितलं, “लक्ष्मे, म्याडम आयलीय. आता सांग तिला काय ते. डाक्टर बोल्ला ते खरंच हाय, हिचीच चूक हाय. पोरं बोलत न्हाय तिच्याशी. तिनंच केलंन.”

“तिची काही चूक नाही,” बाई ठणकावून म्हणाल्या. “मी तेच सांगायला आलेय.”

त्या आत गेल्या. खाटेवर उशीला टेकून एक बाई बसली होती. गाल आत गेलेले, नऊवारीचा पदर खांद्यावरून घसरलेला. अंधाराला डोळे सरावले तशा अनसूयाबाई जागच्या जागी थांबल्या. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके. ते ठिपके त्या आठवड्यातून दोनदा बघत होत्या, गेली सहा वर्षं.

“मावशी? तुम्ही?”

“हलव्यावाल्या बाय!” लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्याही गिऱ्हाइकांना नावानं ओळखत नव्हत्या, माशानं ओळखत होत्या. “तुम्ही कशा आयलाव? हास्पिटलची म्याडम आयलीय ना?”

“मीच ती. फोनवर मीच असते.”

लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, “फोनवर तर तुम्ही गोड बोलता.”

बाईंना कुठे बघावं ते सुचेना. सहा वर्षं जिच्याकडून मासे घेतले, भाव पाडले, काटे काढून घेतले, तिचं नाव विचारायचं कधी सुचलं नव्हतं. ‘मावशी’ म्हटलं की काम भागत होतं. खरं तर ती आपल्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहे, हेही आज फाइलमुळे कळलं. पण त्या कामाच्या बाई होत्या. त्यांनी फाइल उघडली आणि घसा साफ केला.

“गोळ्यांबद्दल विचारायला आलेय. तुम्ही घेत होतात ना? चारही वेळा मला ‘हो’ म्हणालात.”

“घेत व्हते. तुम्ही फोन केलाव त्या दिवशी घेतलीच व्हती. मी खोटं बोलत न्हाय.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

लक्ष्मीबाईंनी उजवा हात पुढे केला. बोटांवर बारीक बारीक पांढरे वण होते, एकावर एक. “कोलंबी सोलताना टोचतं. कोयता लागतो. रोजचंच हाय, चाळीस वर्सं टोचतंय. पन ती गोली सुरू झाली आन रगत थांबंनाच. चिंधी बांधली की चिंधी भिजायची. गेल्या दिवालीनंतर जाली टाकली, पंधरा दिसांनी गेटवर बसले. तुमच्या हलव्यावर दोन थेंब पडले. तुम्ही काय बोल्लात, ठावं हाय?”

बाईंना ठाऊक होतं. शब्दन् शब्द ठाऊक होता, कारण तेव्हा तो त्यांना फार नेमका वाटला होता. तरी लक्ष्मीबाईंनी तो म्हणून दाखवला, तोही पूनम सागरच्या भाषेत.

“‘हातातून रक्त गळतंय आणि तसलेच मासे आम्हाला विकता? रोगबिग असेल काही. जा, हात बरा करा आणि मगच या गेटवर या.’ चार बायका उभ्या व्हत्या. चारी निंगून गेल्या. वाचमन बोल्ला, मावशी, उधर बैठो. सा वर्सांची जागा माझी.”

“मग?”

“मंग काय? हात बरा केला.” लक्ष्मीबाई हसल्या नाहीत. “बाजाराच्या दिवशी गोली सोडली. एक दिस मधी गेला की रगत जरा थांबतं, मला कललं. सोमवार, गुरुवार, शनिवार, तुम्ही लोक मावरं खात न्हाय त्या दिवशी मी गोली खायची. सरावनात तर म्हयनाभर रोज खाल्ली, कोन घेतो तेव्हा मावरं? पन गनपती गेले आन सगले तुटून पडले. सोमवारीपन गिऱ्हाईक, गुरुवारीपन गिऱ्हाईक. आठ दिस एकपन न्हाय घेतली. नवव्या दिवशी छातीत कल आली, ती बाजारातच.”

अनसूयाबाईंच्या हातात फाइल होती. चार फोनांच्या चार ओळी. त्यांनी त्या पहिल्यांदाच वारांकडे लक्ष देऊन वाचल्या. गुरुवार. सोमवार. सोमवार. शनिवार. चारही बिनमाशांचे. बाईंनी स्वतः निवडलेले. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात, आणि ही बाई ज्या दिवशी हमखास गोळी घेणार नेमके तेच दिवस हुडकून काढून त्यांनी तिला विचारलं होतं, आज घेतली का? वर तिची वेळ विचारली होती, पाणी विचारलं होतं, आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

राग कुठे न्यावा ते त्यांना कळेना. मंगळवारपासून तो कसा छान एका दिशेनं चालला होता. आता तो वळून त्यांच्याच अंगावर आला, आणि त्यांना असा राग झेलायची सवय नव्हती. त्यांनी आपली सवयीची वाट धरली.

“अहो, पण मला सांगायचं नाही का फोनवर? रक्त थांबत नाही म्हणून? गोळी बदलता आली असती, डॉक्टरांनी काहीतरी—”

“तुम्ही इचारलंत, आज घेतली का. मी बोल्ले, घेतली. ह्ये इचारलंत का, कवा घेत न्हाय?” लक्ष्मीबाईंचा आवाज चढला आणि त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. “आन गेटवर? गेटवर तुम्ही समोर उभ्या व्हतात. माझा हात तुमच्या नाकासमोर. तवा एकदा इचारायचं व्हतं, मावशी, रगत का थांबत न्हाय? सांगितलं असतं मी. जाली टाकलीय, गोली चालू हाय, सगलं सांगितलं असतं. तुम्ही हास्पिटलच्या! तुम्हाला कललं असतं. रोग बोल्लात मला. आन त्याच हातानं घरी येऊन आठ दिसांनी तुमचा फोन उचलला मी. ‘कशा आहात लक्ष्मीबाई?’ बोल्लात.”

दगडू दारातून आत डोकावला. “लक्ष्मे, हलू बोल.”

“न्हाय बोलनार हलू. वर्सभर हलूच बोल्ले.” मग त्या बाईंकडे वळल्या. “आता सांगा. घरात सगली बोलतात, तुझी चूक. डाक्टर बोलतो, तुझी चूक. ती जालीच खराब असंल तर? तुम्ही तेच शोधताव ना, कुठली जाली चांगली? मंग सांगा. जालीची चूक, का माझी?”

‘तुमची नाही’ म्हणणं सोपं होतं, आणि ते म्हणायला त्या आल्याही होत्या. पण ते खरं आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. निळ्या जाळीचे लोक कोयता चालवणारे, हमाली करणारे, रिक्षा हाकणारे. पांढऱ्या जाळीचे लोक टॉवरमधले. कोण किती गोळ्या चुकवतं हे कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. तीनशे शहाण्णव माणसांना वर्षभर फोन करून त्यांना एवढंच कळलं होतं की फोन केला त्या दिवशी माणसानं गोळी घेतली होती.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“वर्सभर फोन करताव, आन माहीत न्हाय?”

“नाही. मी चुकीचं विचारलं.”

लक्ष्मीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. चहा कुणी विचारला नाही, आणि ते योग्यच झालं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, हॉस्पिटलात झाडलोट चालू असताना, बाई फोन घेऊन बसल्या. पांढऱ्या यादीतले पंचवीस नंबर त्यांनी फिरवले, वीस लागले. या वेळी प्रश्न एकच: ‘गेल्या आठवड्यात कुठल्या कुठल्या वारी गोळी घेतली नाहीत?’ घेतली का, असं नाही. कुठल्या वारी नाही. आणि काय सांगावं, टॉवरमधले शिकलेले लोक घडाघडा बोलायला लागले. एका निवृत्त बँक मॅनेजरांचा शनिवारी उपास, उपाशीपोटी गोळी नको म्हणून शनिवार कोरडा. काशीमीऱ्याचे एक गॅरेजमालक, विमा चांगला जाडजूड, पण हाताला पत्रा लागला की तीन दिवस गोळी बंद. एक बाई भिशीच्या दिवशी घेत नसत, कारण हिरड्यांतून रक्त येतं आणि हसताना दात लाल दिसतात. वीसजणांत सातजण. सातही जणांच्या नावापुढे बाईंच्याच अक्षरात वर्षभर ‘नियमित’ लिहिलेलं.

अकरा वाजता त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. आठ फॉर्म कोरेच टेबलावर ठेवले. नववा भरलेला होता.

“गुड,” डॉक्टर म्हणाले. “एक तरी कबूल झाली. मी म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतं. वाचा.”

डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज मंदावला. ‘औषधे बंद करण्याचे कारण’ या ओळीवर, आणि ओळ पुरली नाही म्हणून पुढे समासात, बाईंच्या रेकॉर्ड विभागातल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

‘गोळ्यांमुळे हातावरच्या जखमांचे रक्त थांबत नव्हते. फॉलोअप घेणाऱ्या अनसूया केळुसकर यांनी मासे घेताना त्यावरून रुग्णाचा चारचौघांत अपमान केला व कारण विचारले नाही. त्यानंतर रुग्णाने मासेविक्री नसलेल्या वारीच गोळ्या घेतल्या. अनसूया केळुसकर यांनी वर्षभर फोनही फक्त त्याच वारी केले. त्यामुळे या अभ्यासातील गोळ्यांची नोंद, निळी व पांढरी दोन्ही, विश्वासार्ह नाही.’

खाली सही.

“हे काय आहे?” डॉक्टर उभे राहिले. “हे स्टडीच्या रेकॉर्डवर जाऊ शकत नाही. धिस इज पर्सनल.”

“तुम्ही कारण विचारलंत. ते आहे.”

“ताई, तुम्ही मला फक्त ‘गोळ्या बंद केल्या’ एवढं लिहून द्या, बस.”

“मग या सातजणांचं काय करू?” बाईंनी पांढऱ्या यादीचा कागद आपटला, तसा ग्रीन टी बशीत सांडला. “हे तुमचे एज्युकेटेड! यांच्या जाळ्या चालल्या म्हणून यांना कुणी विचारलं नाही. हिची बंद पडली म्हणून हिची उलटतपासणी! निळा वाईट आहे का, मला माहीत नाही. चांगला आहे का, तुम्हाला माहीत नाही. आपल्याला कळलेलं नाही, डॉक्टर. मग कळलं नाही असं लिहा! तिला ‘तू मेलीस तर तुझीच चूक’ असं सांगून, तिच्या पोरांना तिच्याशी बोलणं टाकायला लावून, वर गोव्याला जाऊन निळा कमी नाही म्हणून सांगायचं? लाज नाही वाटत? मला वाटतेय. मला काल दुपारपासून वाटतेय, आणि ती एकटीनं वाटून घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही.”

मग कोपऱ्यातून परागचा आवाज आला, अगदी बारीक.

“सर, विसात सात असतील तर… नऊजणांना काढता येणार नाही. कुणालाच काढता येणार नाही. सगळ्यांना परत विचारावं लागेल. मी हा तक्ता माझ्या नावानं पाठवू शकत नाही.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू टेबलच बोललंय. मग फॉर्म हातात घेतला, पुन्हा वाचला, आणि ते खाली बसले. गोव्याला ते गेले नाहीत. त्यांना उपरती वगैरे झाली नव्हती. सहीच्या कागदाची प्रत हॉस्पिटलच्या नीतिसमितीकडे सकाळीच पोचलीय, हे बाईंनी दारातून बाहेर पडताना सांगितलं म्हणून गेले नाहीत. अभ्यास सहा महिने पुढे ढकलला गेला. ज्यांचं रक्त थांबत नाही त्यांनी गोळी न सोडता आधी येऊन दाखवावं, अशी एक खिडकी सुरू झाली. फोन पुन्हा पहिल्यापासून, सातही वार, आणि काम अर्थातच बाईंच्या गळ्यात.

त्यांनी पहिला फोन पुढच्या बुधवारी केला. ऐन बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेआठला. बराच वेळ वाजला. दगडूनं उचलला आणि आत नेऊन दिला.

“मी केळुसकर. हॉस्पिटलमधून. आणि पूनम सागरच्या बी-विंगमधून.”

“बोला,” एवढंच पलीकडून आलं.

“तुमच्या घरी सांगायला फोन केलाय. तुमची चूक होती असं हॉस्पिटल म्हणत नाही. लेखी दिलंय. पोरांना वाचून दाखवा, मी कागद पाठवतेय. आणि…” बाईंना हे वाक्य फार जड गेलं, “…गेल्या आठवड्यात कुठल्या वारी गोळी घेतली नाहीत?”

“रोज घेतली.”

“आज?”

“आज बुधवार,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “आजपन घेतली. पन जवा कोयता हातात घेईन तवा रगत येनार. तवा तुमच्या गेटवर बसनार मी, वाचमनच्या समोर. बघू कोन उठवतो. आन तुम्हाला हलवा न्हाय देनार.”

फोन ठेवला गेला.

बाईंनी नवा रकाना उघडला. वार: बुधवार. गोळी: घेतली. पुढे शेऱ्याची जागा होती. तिथे सहसा ‘काही नाही’ लिहायचं असतं. बाईंनी पेन टेकवलं आणि लिहिलं:

‘रुग्ण रागावलेली आहे. राग बरोबर आहे.’